पमाचं अर्धं

चार बायकांचे चार पासपोर्ट मी बँकॉकमध्ये चिवड्याच्या डब्यात लपवले होते. आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, पिशवी डब्याच्या तळाशी, तिच्यावर वर्तमानपत्राचा कागद आणि कागदावर गच्च चिवडा. हॉटेलच्या कपाटात तिजोरी होती. पण चार आकडे दाबले की जी उघडते, ती कसली तिजोरी? अमरावतीला आमच्या घरी सासूबाईंच्या पाटल्या तीस वर्षं तुरीच्या डाळीत सुखरूप राहिल्या होत्या. शिवाय मी निवृत्त मुख्याध्यापिका, सहलीची स्वयंघोषित प्रमुख आणि वयानं अगदीच कोवळी, त्रेसष्ट वर्षांची. चौघींना ठाऊक असलेलं गुपित हे गुपितच नाही, म्हणून मी कुणाला काही सांगितलं नाही. आज त्या बाईची आठवण आली की तिला वर्गाबाहेर अंगठे धरून उभी करावीशी वाटते.

तो डबा पमानं दान केला.

पमा म्हणजे प्रमिला, अकोल्याच्या जठारपेठेतली. गेल्या वर्षी ती गेली, म्हणून हे लिहायला बसले. परतवाड्याच्या शाळेत आम्ही दोघी एकाच दिवशी रुजू झालो. पहिल्याच मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोर येऊन बसली, आपली भाकर मोडली आणि अर्धी माझ्या डब्यात टाकली. "अर्धं तुहं, अर्धं माहं." मी तेव्हा पुण्यात शिकून आलेली, नाक छताला लागलेलं. म्हटलं, "मला नको." ती म्हणाली, "तुले कोन विचारून राहिलं? खाय."

तेव्हापासून ती सगळं मोडतच गेली. केळं, पेरू, खडू. डोकेदुखीची गोळीसुद्धा. त्या अर्ध्या गोळीनं माझं डोकं अर्धंच थांबायचं. एकदा तपासणीला साहेब आले आणि माझं हजेरीपत्रक आठवडाभराचं कोरं निघालं. ही शेजारच्या वर्गातून उठून आली. "साहेब, अर्धी चूक माही हाये. मीच तिले गप्पाईत बसवून ठेवलं." साहेबांना हसू आवरेना. मला मात्र तेव्हा तिचा रागच आला होता. माझी चूकसुद्धा धड माझी म्हणून राहू देत नाही! अशी मी.

तिच्या नवऱ्याला, वसंतरावांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि पुढची नऊ वर्षं पमा घराबाहेर म्हणून राहिली नाही. ते फक्त तिच्या हातचं खायचे. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ मिटून घ्यायचे. म्हणून आमच्याच शाळेतल्या लीला, रजनी आणि मी बँकॉकचं ठरवलं तेव्हा तिला विचारायचंही मनात नव्हतं. तिनंच विचारलं, "बुद्धाचा देश नाही काय तो? मले पाहाचा हाये." नणंद येऊन राहायला तयार झाली. महिनाभर आधीपासून पमानं वसंतरावांना नणंदेच्या हातून एकेक घास खायला शिकवलं. निघताना त्यांनी तिला डाव्या हातानं दाराकडे हलकेच ढकललं आणि नऊ वर्षांत उरलेल्या चार-पाच शब्दांपैकी एक वापरला : "जा."

"चार दिवस," ती त्यांना म्हणाली. "पाचव्या दिवशी मी घरी."

तीन दिवस छान गेले. त्या भल्यामोठ्या निजलेल्या बुद्धासमोर पमा हात जोडून किती वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, "पाह्य वं मंदे, कसे निवांत झोपले हायेत. आमच्या त्याईले अशी झोप लागली पायजे एकडाव." आंबा-भात घेतला तर अर्धा तिनं टॅक्सीवाल्याला भरवला. तो नको नको म्हणत होता. पण त्याला तरी कोण विचारून राहिलं होतं?

चौथा दिवस रविवार. संध्याकाळचं विमान. सकाळी मी अंघोळीला गेले होते. पमा खोलीच्या खिडकीशी उभी होती. खालच्या रस्त्यावरून भिक्खू भिक्षेला निघाले होते. मी बाहेर आले तेव्हा ती जिना चढून धापा टाकत आत येत होती, तोंडावर असा उजेड की काय सांगू. "मंदे, भन्तेजीच्या पात्रात मावला नाही, तं डब्बाच देऊन देला. पुरा! जिंदगीत पयल्यांदा अर्धं नाही केलं."

माझ्या हातातला टॉवेल गळून पडला.

मी काय केलं? सांगते, लाज सोडून सांगते. मी तिच्यावर ओरडले. लीला-रजनीसमोर, हॉटेलच्या माणसांसमोर. "तुला कुणी सांगितलं होतं दान करायला? दुसऱ्याचा डबा उचलून?" पासपोर्ट त्यात कुणी लपवले, हे मी त्यानंतर सांगितलं. पमा तशीच चपला घालून रस्त्यावर धावली.

आम्ही चौघी त्या परक्या शहरात विहारामागून विहार हिंडलो. प्रत्येक भिक्खू आम्हाला तोच वाटायचा. पमा हातांनी डब्याचा आकार करून दाखवायची आणि ते शांतपणे हसून तिला आशीर्वाद द्यायचे. दुपारी पोलीस चौकी. संध्याकाळी विमान आमच्याशिवाय गेलं. सोमवारी आपल्या वकिलातीत रांग, फॉर्म, फोटो. तात्पुरते कागद मिळायला बुधवार उजाडेल, असं सांगितलं. पमा खिडकीतल्या माणसाला एकच विचारत राहिली, "माहा एकटीचा आज नाही होत काय, साहेब? या तिघी थांबतीन. माह्या घरी मानूस उपाशी हाये."

कारण पाचव्या दिवशी ती दिसली नाही, तसे वसंतरावांनी ओठ मिटून घेतले होते.

सोमवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे नणंदेच्या हातात खिचडी. इकडे पमानं हॉटेलातला रिकामा चमचा उचलला आणि फोनसमोर धरला. "हे पाहा, अर्धं मी खाल्लं. आता तुमचं अर्धं. आ करा. करा ना हो!" स्वतःच आ करून बसली. नणंदेनं पटकन घास घातला. एक गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला त्यांनी तोंड फिरवलं आणि फोनच्या मागे, जणू पमा तिथं लपलीय असं, शोधायला लागले. मी खोलीतून निघून गेले. मला बघवलं नाही. त्यांना तिला असं शोधायला लावणारी मीच.

मंगळवारी दुपारी आम्ही वकिलातीच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो असताना नणंदेचा फोन आला. "वहिनी, दादा गेला. तुमी येवोस्तर ठेवू काय?"

पमा म्हणाली, "नोको. त्याईनं लय वाट पायली. आता अजून ताटकळवू नोका." फोन ठेवून तिनं पर्स उघडली. तो चमचा आत होता. बघितला आणि पर्स मिटली.

गुरुवारी अकोल्याला पोचलो तेव्हा पलंग रिकामा होता.

पुढच्या आठवड्यात वकिलातीचा निरोप आला, पासपोर्ट सापडले. चिवडा संपून डब्याचा तळ लागल्यावर भिक्खूंनी ते पोलिसांकडे नेऊन दिले होते. आठ दिवस पुरला त्यांना. पमाच्या हातचा असता तर पहिल्याच दिवशी फस्त झाला असता आणि आम्ही वेळेत घरी पोचलो असतो. माझ्या चिवड्यात तिखट जास्त असतं, हे घरचे मला चाळीस वर्षं सांगत होते.

वसंतरावांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी गेले, शेवटच्या रांगेत बसले आणि तिला न भेटता पळाले. मग तिचे फोन उचलणं बंद केलं. पाच महिने. घरात चिवडा केला नाही. तिचं नाव फोनवर चमकलं की मी गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालायची. दोन कुंड्या त्यात कुजल्या.

एक दिवस बेल वाजली. दारात पमा. अकोल्याहून एसटीनं आलेली, पांढरं लुगडं चुरगळलेलं, हातात एक संत्रं. सरळ आत आली, स्वयंपाकघरात जाऊन माझ्या ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "चिवडा हाये काय?"

मी खालीच बसले. पाच महिन्यांचं सगळं एकदम बाहेर पडलं. लपवले मी, ओरडले मी, तुझ्या माणसाला उपाशी मारलं मी, सगळं माझं, पमा, सगळं माझं.

ती गुडघ्यावर हात टेकत माझ्याजवळ फरशीवर बसली. संत्रं सोललं. बरोबर मधून फोडलं, अर्धं माझ्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाली, "लपवलं तू, देलं मी. अन् एकटीच सगळं घेऊन बसली काय वं? आन इकडे, माहं अर्धं."