एरियलवरचं लुगडं

प्रिय निनाद,

दिवसभर ऑफिसात सॉफ्टवेअर आणि रविवारी हातानं रेडिओ जोडायचा, हा तुझा नवा छंद वाचला आणि मला तारांना डाग देताना तापणाऱ्या राळेचा वास आला. धुळ्याच्या घरी, माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी, तुझे आजोबाही असाच रेडिओ जोडत होते. महिना झाला तरी त्यातून आवाज येईना.

"तुना डबा मुका शे," माझे सासरे, नाना, त्यांना म्हणाले. "आज बोलना नही ते भंगारमा टाकसू."

आजोबा पुन्हा सगळे जोड तपासू लागले. एरवी सासूबाईच जायच्या, त्या दिवशी कपडे काढायला मी गच्चीवर गेले, तर त्यांनी रोजच्यासारखं एरियलच्या तारेवरच ओलं लुगडं वाळत घातलेलं आणि पदर पत्र्याला टेकलेला; एरियलला येणारं सगळं त्या ओल्या कापडातून पत्र्यात उतरत होतं. मी ते ओढून खांद्यावर घेतलं. खाली खरखर झाली आणि कोणीतरी बोलू लागलं.

"विमल! बोलला गं, बोलला!" आजोबा अंगणातून ओरडले. तेही नानांसमोर! वडिलांदेखत बायकोचं नाव घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती.

"बठ्ठी गल्लीनी आयकं," नाना हसले; सगळ्या गल्लीनं ऐकलं म्हणे.

मी लाजून ओल्या लुगड्यात तोंड लपवलं. रेडिओवर काय लागलं होतं, ते आज आठवत नाही. माझं नाव तेवढं अजून ऐकू येतं.