वाळक्या पानाची केळ

ये गं, अशी जवळ बस. उंबऱ्यात टेकलीस न् निघालीस, असं चालायचं नाही, आधीच सांगते! आणि हे काय, मला प्लॅस्टिकचं केळीचं झाड आणलंस? एक पान फाटलेलं नाही, एक वाळलेलं नाही. अशी केळ कुठल्या आगरात बघितलीस तू? कोकणातलीच ना? ऐक आता.

लग्न होऊन मी रत्नागिरीत आले. माहेर पावसचं, म्हणजे इथल्या इथे, पण ऐन आंब्याच्या दिवसांत सासूबाई सोडायच्या नाहीत. माझा जीव नुसता तिकडे. त्या वर्षी चैत्रगौरीच्या आरासीला मी म्हटलं, कागदाची केळ करते. दिरांनी मुंबईहून हिरवा कागद आणला होता. सासूबाई हसल्या. "कर, कर! मला ती खरी वाटली, तर दुसऱ्या दिवशी पावसला धाडते तुला."

धाकटी नणंद तिथेच होती. "आई, शब्द दिलास हं!"

झालं! आम्ही दोघींनी बांबूला जुनेरं गुंडाळली, वर केळीच्या खोडाची सुकी सोपटं बांधली. पानांच्या कण्याला माडाचे हीर, चिकटवायला खळ, वरून मेणाचा हात. पानं इतकी गुळगुळीत झाली की मलाच खोटी वाटायला लागली. मागल्या दारी केळीपुढे जाऊन उभी राहिले. वाऱ्याने तिच्या पानांच्या चिंध्या झालेल्या, खालचं एक तांबूस होऊन लोंबतंय. तशीच घरात आले आणि माझी पानं टराटरा फाडली!

"वहिनी, वेड लागलं काय?" नणंद ओरडली. मी खालचं पान काताच्या पाण्यात बुडवून वाळत टाकलंसुद्धा.

हळदीकुंकवाला गौरीच्या एका बाजूला माझी केळ, दुसऱ्या बाजूला गड्याने आगरातून आणलेली खरी. नणंद महाबिलंदर! तिने खरीची फाटकी पानं काढून टाकली नि उरलेली खोबरेलाने पुसून चकचकीत केली.

सासूबाई सकाळपासून स्वयंपाकघरात. बायकांनी माजघर भरलं तेव्हा बाहेर आल्या, चकचकीत केळीकडे बघून म्हणाल्या, "बरी केलीस हो सूनबाई, पण कागद तो कागदच." मग माझ्या केळीकडे वळल्या. "आणि ह्या गड्याला काय म्हणावं! गौरीपुढे वाळकं पान?" तरातरा गेल्या नि दिला हिसका. पान सुटेना. खळ मी चांगली शिजवली होती हो! दुसरा हिसका दिला, तशी अख्खी केळ त्यांच्या गळ्यात! पोटातली जुनेरं बाहेर, आणि त्यांत त्यांचंच जुनं लुगडं!

कोणी हसेना. सासूबाईंनी पान चोळलं, हुंगलं, लुगडं निरखलं, आणि केळीला मिठीत घेऊन अशा हसल्या, अशा हसल्या, की डोळ्यांना पदर लावला. "हिला पावसची गाडी सांगा रे! नाहीतर उद्या मलाच कागदाची करून बसवील ही!"

चिकाने ओठ उतेपर्यंत आंबे खाल्ले मी त्या वर्षी.

तर तुझं हे झाड राहू दे इथे, एक-दोन पानं कातरून ठेवते त्याची. पण चैत्राआधी कागद घेऊन ये. हीर मी सोलून ठेवते. लवकर ये हो, नुसती मान हलवू नकोस!