विरजणाची वाटी

काल दुपारी बेल वाजली. मुलाने बजावल्याप्रमाणे मी आधी भिंगातून पाहिलं, मग आतलं दार उघडलं. बाहेरचं गजांचं सेफ्टी डोअर बंदच ठेवलं. पलीकडे समोरच्या घरात नुकतीच राहायला आलेली मुलगी वाटी घेऊन उभी होती.

"काकू, थोडं विरजण मिळेल?"

तिची वाटी गजांतून येईना. आडवी केली, तेव्हा कुठे आत आली. मी तीत दोन चमचे दही घातलं, दाराशी आले आणि थबकले. भरली वाटी आडवी कशी करणार?

दोघी हसलो. पण मला माझाच राग आला. चोरासाठी केलेल्या या बंदोबस्ताने चोर अजून एकही अडवलेला नाही. अडवली ती शेजारीण. जिवाला जपू नये असं नाही. रात्री कडी मीही दोनदा बघते. पण इतकं जपून ठेवलेल्या जिवाचं करायचं काय? कपाटातल्या नव्या कपबश्यांसारखा तो पाहुण्यांसाठी राखायचा, आणि पाहुण्यांना दाराबाहेरच उभं करायचं!

मी कुलूप काढलं. "आत ये गं, चहा टाकते."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, दार नीट लावलंस ना?"

"नाही," मी म्हटलं. "आणि आता दिवसा लावणारही नाही."

तो समजावत राहिला. मी फोन कानाशी धरून, उघड्या दाराला लावलेला वरवंटा पायाने आणखी घट्ट सरकवला.