चाचणीचा फोन

केक कापला जात होता तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावर एक फोन थरथरत होता. थरथरत तो हळूहळू कडेला सरकत होता, पण सगळ्यांचं लक्ष सुरीकडे होतं.

आमची कंपनी रुग्णालयांचे निरोप नातेवाइकांच्या मोबाइलवर पोचवते. त्यासाठीचा संगणकातला जुना, ठिगळं लावलेला कोड मोडून नवा देखणा कोड लिहिला, म्हणून हा सोहळा. साहेब त्याला ‘कायापालट’ म्हणत होते; फक्त सनईवाले बोलवायचे राहिले होते. भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येक निरोपापुढे हिरवं ‘पोचला’ उमटत होतं.

मी फोन उचलला. ‘आपल्या रुग्णाला शुद्ध आली आहे. भेटायला यावे.’

“साहेब, हा निरोप इथे कसा?”

“अहो, चाचणीचा फोन आहे तो. वाजू द्या. केक घ्या तुम्ही.”

चाचणीपुरते सगळे निरोप या फोनवर वळवले होते. ते वळण काढायला हे कायापालटवाले विसरले होते. पडदा खोटं बोलत नव्हता. निरोप पोचत होते, फक्त माणसांपर्यंत नाही. सुबकपणावर भाळलेल्या लोकांची मला म्हणूनच चीड येते. नळ चकाकला की ते तहान भागली असं समजतात. इकडे हे केक कापताहेत आणि तिकडे जिन्याच्या पायरीवर कुणीतरी आपला गप्प फोन उलटसुलट करून बघतंय.

हातातला फोन पुन्हा थरथरला. ‘रुग्ण आपली वाट पाहत आहे.’ पडद्यावर हिरवं उमटलं, पोचला.

मी तो निरोप मोठ्याने वाचला. टाळ्या थांबेनात, म्हणून पुन्हा वाचला.