पाड्यावर मी केव्हा गेले

निषाद, मुक्ता, हे मी तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही. तुमचे आजोबा हे न ऐकताच गेले.

निषाद, तू कायद्याच्या निबंधासाठी विचारलंस — वन्यप्राण्यांच्या गुन्ह्यात अपील कोर्टाने खटला पुन्हा चालवायला केव्हा सांगावं? मी सवयीप्रमाणे मुद्दे काढून उत्तर लिहायला बसले. सरकार पक्षाची लंगडी बाजू सावरायला नव्हे. पहिला खटला खऱ्या अर्थाने चाललाच नसेल, तर. इथवर लिहिलं आणि पेन थांबलं. असा एक खटला मला ठाऊक आहे. मी त्यात पंच होते.

पंच म्हणजे जप्ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहून कागदावर सही करणारा त्रयस्थ माणूस. मी तेव्हा पालघरला सरकारी नोकरीत होते. एका दुपारी शेजारच्या कचेरीतून बोलावणं आलं. टेबलावर बिबट्याचं कातडं होतं, चहा होता आणि पंचनामा लिहून तयार होता — एका पाड्यावरच्या जान्या नावाच्या माणसाच्या घरातून, माळ्यावरून, माझ्यासमक्ष हे कातडं काढलं. त्या पाड्यावर मी पाऊलही ठेवलं नव्हतं. तारीख घालायची राहिली होती — ती मी घातली. प्रत्येक पानावर सही केली.

खटल्यात साक्ष दिली. त्या दिवशी जान्याचा वकील आलाच नव्हता. मला कुणी उलट एकही प्रश्न विचारला नाही. जान्याला शिक्षा झाली. अपिलात कोर्ट म्हणालं, पंचाची उलटतपासणीच झालेली नाही — शिक्षा रद्द, खटला पुन्हा चालवा. रास्तच होतं. माझ्यासारख्या बाईला खरं बोलायला लावण्यासाठीच तो हुकूम होता ना?

मी काय केलं? तयारी केली. तोवर मी निवृत्त झाले होते, वेळ भरपूर होता. तारखेच्या आदल्या रविवारी बोईसरहून रिक्षा केली, पाड्यावर गेले, वाट चुकले म्हणाले. जान्याच्या बायकोने, लक्षीने, खाट टाकली, पाणी दिलं.

"उन्हाची कुठं भटकतेस, आजी? घरात सुना-पोरी नाय का?" म्हणाली आणि हसली.

पाणी पिता पिता मी पाहून घेतलं — दार पूर्वेला, माळ्याची शिडी बांबूची, पायऱ्या पाच.

कोर्टात जान्याच्या नव्या वकिलाने नेमकं तेच विचारलं. दार कुठे? शिडी कशी? मी न अडखळता सांगितलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून लक्षी उठली.

"साहेब, ही बाय ऐतवारी आलेली. माझ्या हातचं पानी प्याली. त्याच्या आधी कदी आली नाय."

शिपायाने तिला खाली बसवलं. वकिलाने मला विचारलं, हे खरं आहे का?

"मी या बाईंना आज पहिल्यांदाच पाहते आहे."

माझी इस्त्रीची साडी, माझं इंग्रजी शाळेतलं बोलणं — आणि ती. कुणाचं खरं मानलं असेल? शिक्षा पुन्हा झाली.

बिबट्या जान्याने मारला होता का? मारला असेलही. मला माहीत नाही. शपथेवर सांगण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं — मला माहीत नाही.

मी बाहेर आले तेव्हा लक्षी दारातच उभी होती. बाजूला सरून तिने मला वाट दिली, आणि मी गेले.