ताटं फिरली तेव्हा

"चेंडू जमिनीला टेकला नाही तोवर हरलो म्हणायचं नाही." नेल्फा हे इतक्यांदा म्हणायची की पोरी तिचा घोगरा आवाज काढून नक्कल करायच्या. फिलिपिन्समधल्या पनाय बेटाच्या काठावरच्या त्या लहानशा कॉलेजात व्हॉलीबॉलची कप्तान तीच, भालाफेकीत पहिली तीच, आणि वेताचा चेंडू पायाने उडवायचा खेळ पोरांना शिकवणारीही तीच. सख्खी नसली तरी सगळ्या संघाची ती मानांग, थोरली बहीण.

पदवीला वर्ष उरलं असताना तिच्या बापाने अंथरूण धरलं. धाकटे भाऊ शाळेत. अशा वेळी थोरलीने शिक्षण सोडायचं, हे त्या बेटावर कुणाला सांगावं लागत नाही. दक्षिणेकडे मासळीच्या कारखान्यात तिला काम मिळालं.

निरोपाचं जेवण मैदानालगतच्या आंब्याखाली होतं. प्राचार्य लांबलचक बोलले, तिला मानाची ढाल दिली. नेल्फाच्या शेजारी संघातली मेर्लिता बसली होती. कप्तानपद आता तिच्याकडे आलं होतं. तिला ते नको होतं, नेल्फा हवी होती.

"मानांग, भाऊ वर्षभर थांबतील की."

"भाऊ थांबतील गं. त्यांची पोटं थांबतील का?" नेल्फा हसली. "आणि तुला तर बरंच आहे. उशिरा उडी मारलीस की किती बोलायचे मी."

"मग बोल की. रोज बोल."

भात निम्मा संपतोय तोच धक्क्यावर भोंगा वाजला. वारा फिरला होता, बोट आताच सुटणार होती. नेल्फा अर्ध्या जेवणातून उठली, हात धुतले, पिशवी खांद्याला लावली.

जेवणातून उठून कुणी प्रवासाला निघालं की बसलेल्यांनी आपलं ताट गोल फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. ताटं खरखरू लागली. प्राचार्यांनीही फिरवलं. मेर्लिताचं तेवढं जागच्या जागी राहिलं. आपण फिरवलं नाही तर ती जायचीच नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

नेल्फा उभीच राहिली. "काय गं कप्तान, माझी बोट बुडवतेस काय?"

कुणी हसलं नाही. वाढणारी म्हातारी हळूच म्हणाली, "फिरव बाळा. दर्या बरा नाही आज."

मेर्लिताने दोन्ही हातांनी ताट धरलं. हलक्या पत्र्याचं ताट, पण फिरता फिरेना. शेवटी फिरलं, पुरता फेरा.

मग नेल्फा निघाली. वाऱ्यासारखी पळणारी पोरगी मैदानाच्या कडेकडेने सावकाश चालत गेली. बाकीचे माना खाली घालून आपल्या ताटांकडे बघत होते. मेर्लिता एकटी तिच्याकडे बघत राहिली, नारळींच्या आड तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत.