सुरेशदादाने जोडलेला ब्रेक

शुक्रवारची सुट्टीची सकाळ, कुवेतमधल्या मुतला टेकडीचा वाळूचा उतार... आणि माझ्या पायातली एक स्की सुटून खाली पळत निघाली. तिचा ब्रेक तुटला होता. चाळीसेक वर्षं झाली, पण आठवलं की अजून डोकं तडकतं.

कुवेतमध्ये स्की? हसा. सगळेच हसायचे. मी तेव्हा बावीसचा, मॅट्रिकला गणितात उडालेला, बूड एका जागी न टिकणारा. हवल्लीतल्या एका दुकानात, लोकांच्या घरात फरशीवर लिनोलियम अंथरायचं काम करायचो. एक ऑस्ट्रियन साहेब कायमचा घरी चालला होता, त्याच्या फ्लॅटवर कामाला गेलो तर त्याने गॅलरीतली स्कीची जोडी बुटांसकट मला देऊन टाकली. बूट मोठे व्हायचे, मी दोन-दोन मोजे घालायचो.

वाळूवर स्की धड घसरत नाही. मग दुकानातले उरलेले लिनोलियमचे पट्टे उतारावर टाकले, गुळगुळीत बाजू वर, त्यावर साबणाचं पाणी... यल्ला, चला! मध्ये वाळूच्या गोण्यांवर फळी. तिच्यावरून उडी मारून हवेत गिरकी घ्यायची. साहेबाने मासिकात तसले फोटो दाखवले होते. त्याच मासिकात एका कॅमेऱ्याची जाहिरात होती, तोही मला घ्यायचा होता... असो.

ब्रेक म्हणजे काय, तर बूट धरून ठेवणाऱ्या चापाखाली दोन पोलादी दात असतात. बूट अडकवला की ते वर उचलले जातात. पडलात, बूट सुटला, की खाली उघडतात आणि स्कीला थांबवतात. एका गिरकीत माझ्या दोन्ही स्की एकमेकींवर आपटल्या आणि उजवीचे दोन्ही दात मोडले. केवढ्याशा त्या काड्या, आणि सगळा जीव त्यांच्यावर!

ते मी सुरेशदादाकडे नेले. दादा देवगडकडचा, मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीत वेल्डर. बायको-पोरं गावी, इथे एका खोलीत सहा जण. पातेल्याच्या कानापासून पाइपलाइनपर्यंत काहीही आणा, दादाचं उत्तर एकच... "होतलां रे, कित्याक भियातंस?"

चार दिवसांत दात जोडून आले. घासून गुळगुळीत, वर चंदेरी रंगसुद्धा. मी खूश.

त्या शुक्रवारी आम्ही सगळे दुकानाच्या पिकअपमधून मुतलाला गेलो. सोबत शैलाताई होती, साताऱ्याची, इथल्या हॉस्पिटलात नर्स. तिची पाच वर्षांची पिंकीपण होती. मराठीत विचारलं तरी पोरगी इंग्लिशमध्ये बोलायची. चटईवर पोह्यांचा डबा उघडला होता. दादा मात्र चटईवर बसेना. पट्टे जिथे संपत होते तिथे, अगदी तोंडाशी, पोतं टाकून बसला.

मला वाटलं, आपली कारागिरी बघायला बसलाय. फुशारकी!

पहिली उडी झकास. पिंकी टाळ्या पिटत ओरडली, "अगेन, अंकल, अगेन!" दुसऱ्या उडीत मी तिरका उतरलो. बूट सुटला, दात उघडले, लिनोलियमला टेकले... आणि कट्. दोन्ही, बरोब्बर जोडातून.

स्की मोकळी सुटली. साबणावरून, पोलादी कडा घेऊन, सरळ खाली. आणि पिंकी तिला पकडायला पट्ट्यांच्या टोकाशी धावत आलेली. मी वर पालथा पडून बोंबलतोय, माझा आवाज मलाच ऐकू येत नाहीये...

दादाने एका हाताने पोरीला मागे भिरकावलं आणि आपला पाय आडवा टाकला.

मी लंगडत खाली पोचलो. नडगी फाटली होती, वाळू लाल झाली होती. आणि मी काय केलं? भांडलो. "हे वेल्डिंग म्हणायचं? स्वतःला वेल्डर म्हणवतोस!"

दादा नडगी दाबून धरत म्हणाला, "स्प्रिंगचां पोलाद तां. आंच लागली की काचेसारखां ठिसूळ होता. माका ठाऊक होतां."

"मग बोलला का नाहीस?"

"नाय म्हणूची सवयच नाय रे माका. नाय म्हणणाऱ्याक फोरमन घराकडे धाडता." मग हळूच, "म्हणान तर हंय येवन बसलंय."

शैलाताईने ओढणी फाडून पाय आवळला. "दादा, हलू नका. आणि तू रे गाढवा, तोंड बंद कर आणि गाडी काढ!"

हॉस्पिटलात सात टाके पडले. शनिवारी दादा ड्युटीवर. खोलीच्या जिन्यावरून पडलो, असं फोरमनला सांगून एका पायावर दिवसभर वेल्डिंग केलं. ते कळल्यावर मी आणखीच भडकलो. महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. 'नाही' म्हणायला काय जातं माणसाचं? पोर गेली असती ना!

चूक कुठे झाली ते मला फार उशिरा कळलं. तुटलेले दात त्याच्या हातात देताना मी विचारलं होतं, "शुक्रवारपर्यंत होईल ना?" टिकेल का, हे मी विचारलंच नव्हतं. आणि नाही म्हणाला असता तरी मी ऐकणारा नव्हतोच, दुसऱ्या कुणाकडून तरी जोडून घेतलं असतं... त्या दुसऱ्याला पट्ट्यांच्या टोकाशी येऊन बसायचं सुचलं नसतं.

पिंकीला यातलं काही आठवत नाही. बरंच आहे.

दादा, तुझ्यावरचा राग गेलेला नाही हं, खोटं कशाला बोलू. फक्त राग आला की त्याच्या आधी तुझा पाय दिसतो... आडवा टाकलेला.